बंडप्पाच्या इमानाचे दिवे

उमरग्यात त्या दिवसांत कुणी बंडप्पाच्या दुकानाचा पत्ता विचारला, तर सांगणारा खुणेचं झाड वगैरे सांगत बसायचा नाही. तो वास सांगायचा. सडकेनं सरळ जायचं, डिझेलचा वास मागं पडून पिकल्या केळ्यांचा वास यायला लागला, की तिथंच उतरायचं.

सोलापूर-हैदराबाद सडकेवर ट्रकदुरुस्तीची दुकानं ओळीनं होती. सगळ्यांत तेलकट बाकडं, सगळ्यांत चहाचे ग्लास, सगळ्यांत टायरांची चळत. बंडप्पाच्या दुकानातही हेच होतं. पण त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक विमान बसलेलं होतं. खरंखुरं, माणसानं आत बसून उडवायचं विमान. त्याच्या पंखांवर ताणून बसवलेल्या कापडाला एक औषध लावावं लागायचं. ते लावलं की कापड ढोलकीसारखं ताठ व्हायचं आणि सगळ्या आळीला केळ्यांचा घमघमाट सुटायचा. सुरुवातीला शेजारपाजारचे लोक वासावर भुलून केळी मागायला आले. पुढं त्यांनाही सवय झाली. एखादा पाव्हणा नाक वर करून हुंगायला लागला, की तेच सांगायचे, "केळी न्हाईत वो, बंडप्पाचं इमान वाळतंय."

बंडप्पाला हा नाद हैदराबादेत लागला. निजामाच्या राज्यात तो तिथल्या विमानतळावर इंजिनं खोलायच्या कामाला होता. पुढं राज्य गेलं, विमानांची कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, साहेब लोक आपापल्या मुलखात गेले, आणि बंडप्पा आपली हत्यारांची पेटी उचलून उमरग्याला आला. येताना त्यानं आणखी एक गोष्ट आणली होती. तिथल्या एका साहेबाची बंद पडलेली मोटार त्यानं जिवंत करून दिली होती, आणि त्या उपकाराच्या बदल्यात विमान उडवायला शिकून रीतसर परवाना मिळवला होता. आता उमरग्यात बसून परवान्याचं काय करायचं? दुसरा कुणी असता तर चौकट करून भिंतीला लावला असता. बंडप्पानं परवान्याजोगतं विमान करायला घेतलं.

इंजिन लिलावातल्या भंगारातून आलं. सांगाडा त्यानं लोखंडी नळ्या जोडून केला, पंखांच्या फासळ्या लाकडाच्या केल्या, आणि कापड सोलापूरहून आणलं. ते कापड शिवलं रुद्रम्मांनी. रुद्रम्मा म्हणजे बंडप्पाची बायको. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी आजवर झबली, परकर, उशांचे अभ्रे असं सगळं शिवलं होतं. विमानाचा पंख त्यांनी त्याच मनानं शिवला. टीप इतकी बारीक आणि सरळ, की बंडप्पा नुसता बोट फिरवून बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. रुद्रम्मा मात्र कुणी विचारलं तर एवढंच सांगायच्या, की लई मोठी उशी हाय, कापूस घालायचा न्हाय.

आणि विमान पळवायला माळ लागतो, तो माळही रुद्रम्मांचाच. गावाबाहेरचा हा मुरमाड तुकडा वडलांनी त्यांना लग्नात दिला होता. त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. नणंदांनी त्या माळावरून त्यांना पुष्कळ टोमणे मारले. पण बंडप्पानं एका उन्हाळ्यात पंचक्रोशी पालथी घातली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की सगळ्या तालुक्यात विमान धावेल असा लांब, सपाट आणि टणक तुकडा हा एवढाच आहे. तेव्हापासून रुद्रम्मांच्या माळाला भाव आला आणि रुद्रम्मांनाही.

महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. हुरड्याचे दिवस होते. मुंबईहून सरकारी साहेब विमान तपासायला आला. किडकिडीत, अबोल माणूस. त्यानं विमानाभोवती फेऱ्या मारल्या, प्रत्येक तार ओढून बघितली, प्रत्येक खिळ्यावर टिचकी मारली. बंडप्पा मागून हिंडत होता आणि साहेबानं टिचकी मारलेला प्रत्येक खिळा पुन्हा अंगठ्यानं दाबून बघत होता. शेवटी साहेबानं रुद्रम्मांच्या हातची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि उडायची परवानगी दिली. अटी दोनच: उजेडात उडायचं, आणि सुरुवातीला एकट्यानं उडायचं.

साहेबाची जीप सडकेला लागली तसा बंडप्पा स्वयंपाकघरात धावला. उद्याच उडतो, म्हणाला. रुद्रम्मा भाकरी थापत होत्या. त्यांनी थापता थापता विचारलं, की इमानाला दिवे कुठं हायत?

बंडप्पानं समजावलं. उजेडी उडायचं, उजेडी उतरायचं. साहेब स्वतः म्हणाले, दिव्यांची गरज नाही.

"साहेबाचा माळ हाय का?" रुद्रम्मा म्हणाल्या.

बंडप्पा म्हणाला, "अगं, अर्ध्या घंट्याचा तर खेळ. वर जायचं नि खाली यायचं."

"नळदुर्गाहून निघताना बी असंच म्हणला हुता."

नळदुर्गाची गोष्ट जुनी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तो एका मित्राची मोटारसायकल मागून आणून, मागं नव्या नवरीला बसवून, नळदुर्गाहून उमरग्याला निघाला होता. वाटेत दिवस मावळला. मोटारसायकलीचा दिवा लागेना. रुद्रम्मा म्हणाल्या, थांबू या. बंडप्पा म्हणाला, चांदणं हाय की. आणि त्या चांदण्यात त्यानं नवी नवरी, नवं इरकल आणि मित्राची मोटारसायकल, तिन्ही नेऊन एका गावच्या जनावरांच्या हौदात घातली. रुद्रम्मांचा उजवा गुडघा थंडीत अजून कुरकुरायचा. तेव्हापासून नवऱ्याच्या अकलेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, पण दिवे लावल्यावर. माणूस वर गेला आणि कशानं का होईना, उतरायला उशीर झाला तर भुई कशी दिसणार, एवढाच त्यांचा सवाल होता. भुई दिसेल असा दिवा लागल्याशिवाय माळावर चाक फिरणार नाही, हा त्यांचा निकाल. आणि साहेबाच्या वर अपील असतं, रुद्रम्मांच्या वर नव्हतं.

झालं. इतक्या वर्षांची मेहनत दिव्यावर येऊन अडकली. आणि ही बातमी सडकेवर कळायला किती वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंडप्पाच्या बाकड्यावर दिवे सुचवणाऱ्यांची गर्दी. विमान उडेल की नाही याबद्दल गावात दोन मतं होती. पण त्याला कोणता दिवा शोभेल, याबद्दल प्रत्येकाचं पक्कं मत होतं. बलभीम लग्नाच्या वरातींना पेट्रोमॅक्स पुरवायचा. तो दोन बत्त्या डोक्यावर घेऊनच आला. प्रत्येक पंखावर एक एक टांगायची, उजेड असा पडेल की खालून लोक म्हणतील वरात चालली. त्याच्या बत्त्या बंडप्पानं एका ट्रकच्या टपाला बांधून गल्लीतून फिरवल्या. पहिल्याच खड्ड्यात दोन्हींच्या मँटलच्या जाळ्या गळून पडल्या. बलभीम म्हणाला, आभाळात कुठं खड्डे असतात? बंडप्पानं सांगितलं, असतात, आणि त्यांवर कुणी मुरूमही टाकत नाही. निवृत्त शाळामास्तर विष्णुपंतांनी आगगाडीच्या इंजिनाचा दिवा सुचवला. त्याचा झोत कोसभर जातो, म्हणाले. त्या दिव्याचं वजन बंडप्पानं त्यांना सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, मग विमान थोडं मोठं करा. पोलिसातल्या जमादारांचं म्हणणं असं, की दिवा कोणताही लावा, पण लावा. कारण बिनदिव्याची सायकल ते रोज संध्याकाळी धरत होते आणि बिनदिव्याचं विमान सोडलं तर लोक काय म्हणतील?

बंडप्पा हसत होता, सगळ्यांना चहा पाजत होता, पण आतून पेटला होता. त्याला वाटलं होतं दिवा म्हणजे दुपारचं काम. आता तो जेवताना ताटात बोटानं पंखांची चित्रं काढायला लागला.

आधी त्यानं ट्रकचा दिवा काढून पंखाच्या टोकाशी धरून बघितला. उजेडाला तोड नव्हती. पण दिवा जड आणि त्याला लागणारी बॅटरी त्याहून जड. विमान एका अंगाला असं झुकलं, जसं लग्नघरात रुसलेलं माणूस कोपऱ्यात झुकतं. मग त्याला वाटलं, बॅटरी हवीच कशाला? वाऱ्यावर वीज करावी. सायकलच्या डायनामोला त्यानं लाकडाचा इवलासा पंखा बसवला आणि तो हातात धरून एका ओळखीच्या ट्रकच्या टपावर चढला. ट्रक सडकेवर भरधाव सुटला तसा दिवा असा फुलला, की बंडप्पानं वरून ओरडून ड्रायव्हरला सांगितलं, जमलं. तेवढ्यात पुढं शेळ्या आडव्या आल्या. ट्रक मंदावला, पंखा मंदावला, आणि दिव्याचा निखारा झाला. बंडप्पा टपावर बसल्या बसल्या विचारात पडला. म्हणजे वर मोकळ्या आभाळात, जिथं धडकायला ढगाशिवाय काही नाही, तिथं लख्ख उजेड. आणि उतरताना वेग कमी केला, जमीन जवळ आली, की अंधार. हा दिवा म्हणजे पंगत उठल्यावर येणारा वाढपी. डायनामो त्यानं शेजारच्या सायकलला परत केला.

शेवटी सोलापूरच्या भंगारबाजारात त्याला पाहिजे ते सापडलं. लढाईतल्या लष्करी मोटारसायकलींचे दोन दिवे. हलके, खोलगट, आतला आरसा अजून उजळलेल्या चांदीसारखा. त्यांना लहान बॅटरी पुरायची. दिवे धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो उमरग्याला आला तो थेट स्वयंपाकघरात. दार लावून घेतलं, खिडकीला पोतं टांगलं, आणि दिवा लावला. रुद्रम्मांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे मोटारसायकलीचेच काय? बंडप्पा चाचरला. मग म्हणाला, होय, पण लागणारे आहेत. रुद्रम्मा उठल्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, भिंतीकडं तोंड करून त्यांनी सुई हातात घेतली आणि दोरा ओवला. पहिल्या फटक्यात. मग वळून म्हणाल्या, बसवा.

बसवायचे कुठं? बंडप्पानं आधी सोपी वाट धरली. चाकांच्या दांड्यांना दिवे बांधले आणि विमान माळावर हळूहळू फिरवलं. मुरमाच्या धक्क्यानं बल्बमधली तार तुटली. दुसरा बल्ब घातला, तोही गेला. ट्यूबच्या रबराची गादी करून त्यावर दिवा बसवला, तेव्हा तार टिकली पण दिवाच असा डुलायला लागला, की उजेड कधी बोरीवर तर कधी बाभळीवर. आता एकच जागा उरली: पंखाची पुढची कड. तिथं धक्का बसत नव्हता. पण त्यासाठी पंखाचं कापड कापावं लागणार होतं.

बंडप्पानं कात्री हातात घेतली आणि ठेवली. परत घेतली, परत ठेवली. ती टीप रुद्रम्मांची होती. तो तसाच उभा राहिलेला बघून रुद्रम्मा शेडमध्ये आल्या. एवढं बारीक शिवलं ते तुम्हाला कापायला का, म्हणाल्या, आणि त्याच्या हातातली कात्री घेऊन स्वतः कापड कापलं. कचकन. बंडप्पानं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्या भोकाच्या कडेला दुमड घालत होत्या, पोलक्याच्या गळ्याला घालतात तशी. दोन्ही पंखांत दोन दिवे बसले. वरून बंडप्पानं भंगारातल्या विमानाच्या काचेची वाकडी पट्टी बसवली. बॅटरी आपल्या बैठकीखाली बरोबर मध्यावर ठेवली, म्हणजे विमानाचा तोल इकडं तिकडं व्हायला नको. आणि डाव्या हाताशी एक पितळी बटण बसवलं, घरात असतं तसलं, खाली केलं की खट्ट वाजणारं. ते त्यानं त्या दुपारी इतक्या वेळा खट्ट केलं, की रुद्रम्मांनी आतून विचारलं, पाल हाय का?

आता राहिला झोत लावायचा. म्हणजे उजेड नेमका कुठं पडावा ते ठरवून दिव्याचं तोंड घट्ट करायचं. आणि या कामात तर बंडप्पाचं नाव होतं. त्याच्या दुकानासमोर कापसाच्या जिनिंगच्या गिरणीची लांबच लांब भिंत होती. तिच्यावर त्यानं चुन्याची आडवी रेघ मारून ठेवली होती. हैदराबादकडं जाणारा ट्रक संध्याकाळी त्या भिंतीपुढं उभा करायचा, दिवे लावायचे, आणि झोत रेघेच्या खाली राहील असे पेच आवळायचे. म्हणजे पुढची सडक दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. बंडप्पाच्या हातचा झोत असलेला ट्रक समोरून आला की ड्रायव्हर लोक ओळखायचे आणि सलाम ठोकायचे. तेव्हा त्यानं विमान ढकलत सडकेपलीकडं नेलं, भिंतीपुढं उभं केलं, रेघेखाली झोत आणला, पेच आवळले, हात पुसले. सडकेवरच्या सगळ्यांनी बघितलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. उमरग्यात झोत असाच लागतो.

परीक्षेचा दिवस आला. दिवेलागणीची वेळ, माळाच्या कडेला निम्मं गाव. बंडप्पाचा बेत असा होता, की विमान नुसतं जमिनीवर जोरात पळवायचं, दिवे कसे पडतात ते बघायचं, आणि येऊन रुद्रम्मांना सांगायचं. रुद्रम्मा म्हणाल्या, सांगायचं कशाला, मी बघते की. माळ माझा, डोळं बी माझं. विमानात दोन बैठका होत्या, एकीमागं एक. उडवणारा मागं, पाव्हणा पुढं. साहेबानं एकट्यानं उडायला सांगितलं होतं, पण हे कुठं उडणं होतं? रुद्रम्मांनी कासोटा घट्ट केला, पदर कानांवरून बांधला, बंडप्पाचा उडायचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढच्या बैठकीत जाऊन बसल्या. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरल्या: हात वर केला की थांबायचं, हात पुढं केला की चालू द्यायचं. बलभीमनं विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवला, इंजिन खोकलं, मग बोलायला लागलं. बटण खट्ट.

उजेड माळावर पसरला. कुसळ न् कुसळ उभं राहिलं. विमान निघालं, वेग वाढला, आणि शेपूट हवेत उचललं गेलं. त्याबरोबर तो सगळा उजेड, कुणी पदर ओढून घ्यावा तसा, सर्रकन मागं आला आणि चाकांपुढं येऊन गोळा झाला. पुढं सगळा काळोख. रुद्रम्मांचा हात वर गेला.

बंडप्पानं इंजिन कमी केलं. शेपूट खाली टेकलं, आणि उजेड परत ऐटीत लांब जाऊन पसरला.

"उभं राहिलं की लांबचं दिसतंय," रुद्रम्मा वळून म्हणाल्या, "आन् पळाया लागलं की पायाखालचं. पळताना पायाखालचं बघून काय करू?"

बंडप्पानं कपाळाला हात लावला तो तसाच राहिला. ट्रक उभा असो की पळो, त्याचं ढुंगण कधी वर उचललं जात नाही. विमान जमिनीवर शेपूट टेकून, नाक वर करून बसतं. पळताना आणि उडताना आडवं होतं. त्यानं विमानाचा झोत बसलेल्या विमानाला लावला होता. आणि तोही खाली, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आभाळात समोरून येणार होतं कोण?

त्याला इतकं हसू आलं, की माळाच्या कडेच्या लोकांना वाटलं बायकोनं परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान परत गिरणीच्या भिंतीपुढं. या खेपेला त्याचं शेपूट कडब्याच्या गाडीवर चढवून ठेवलेलं, म्हणजे उडताना असतं तसं आडवं. मग झोत लावला. शेपूट खाली उतरवून बघितलं तर उजेड पार गिरणीच्या पत्र्यावर, आणि तिथली पारवी फडफडून उठली. रुद्रम्मा म्हणाल्या, आता उडताना दिसंल, पण टेकताना पारवीच दिसतील. हेही खरं होतं. टेकायच्या क्षणी विमानाचं नाक वर येतं. बंडप्पानं वरची पारवी बघितली, भिंतीवरची रेघ बघितली, दोन्ही दिव्यांकडं आळीपाळीनं बघितलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. दिवे दोन होते की. डावा त्यानं आडव्या विमानाला लावला, उजवा बसलेल्या विमानाला. एक लांबचं बघणारा, एक जवळचं. बाकड्यावरचे ड्रायव्हर म्हणाले, बंडप्पाचं इमान तिरळं झालं.

ते तिरळं विमान त्याच्या पुढच्या संध्याकाळी माळावर उभं राहिलं. पुन्हा तेच लोक, तोच कासोटा, तोच चष्मा. इंजिन बोललं, बटण खट्ट झालं. वेग आला, शेपूट उठलं, आणि या खेपेला डाव्या दिव्याचा झोत माळावरून असा सरळ गेला, की टोकाची बाभूळ पानोपान दिसायला लागली. रुद्रम्मांनी हात पुढं केला. चालू द्या.

आणि त्याच वेळी झोतात ससा आला.

तो कुठल्या बोरीतून निघाला देव जाणे. उजेडात सापडलेला ससा उजेडाच्या बाहेर जात नाही. तो झोत धरूनच पुढं पळतो. कान मागं, पांढरी शेपटी वर, आणि मागं गुरगुरणारं विमान. रुद्रम्मा पुढं झुकल्या. ससा लांब जायला लागला तसा त्यांचा हात पुन्हा पुढं आला, या खेपेला दोनदा, जोरात, बैल हाकतात तसा. बंडप्पालाही भान राहिलं नाही. त्यानं इंजिन मोकळं सोडलं. वारा कानांत शिट्ट्या घालायला लागला, पदर निशाणासारखा फडफडायला लागला, मुरूम चाकांखाली खडखड खडखड करत होता.

आणि खडखड थांबली.

बंडप्पाला ते आधी बुडाखाली कळलं आणि मग डोक्यात शिरलं. इंजिन चालू आहे, वारा चालू आहे, पण चाकं गप्प झाली आहेत. विमान जमिनीवर नव्हतं. पुरुषभर उंच असेल, फार तर दोन. पुढच्या बैठकीतल्या बाईला याचा पत्ता नव्हता. ती सशामागं होती. बंडप्पाच्या छातीत असा डंका वाजायला लागला, की इंजिन एक की दोन हे त्याला कळेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते हे. ते आलं आणि न सांगता आलं, बायकोला घेऊन आलं, सांजवेळी आलं. आता उतरवायचं होतं, आणि बाभूळ जवळ येत होती.

त्यानं इंजिन हळूच कमी केलं. डाव्या दिव्यात भुई दिसत होती, सगळी: वाळलेलं गवत, दगडांच्या सावल्या, शेळ्यांची वाट. ती सावकाश वर येत होती. त्यानं सुकाणूचा दांडा पोटाशी घेतला, नाक उचललं गेलं, डाव्या दिव्याचा झोत भुई सोडून आभाळात गेला. आणि तिथंच, अगदी तिथंच, उजव्या दिव्यानं भुई धरली. एकानं सोडलं, दुसऱ्यानं घेतलं. खडा न् खडा दिसला. चाकं टेकली, एकदा उडाली, परत टेकली, आणि विमान खडखडत जाऊन बाभळीच्या अलीकडं थांबलं. बंडप्पानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. लांबून गाव आरडाओरडा करत धावत येत होतं, पण ते अजून लांब होतं. बंडप्पाला पुढच्या बैठकीतली फक्त पाठ दिसत होती. ती हालेना. त्याला वाटलं, संपलं. बायकोला न विचारता आभाळात नेलं; आता माळही गेला आणि विमानही गेलं.

"ससा कुठं गेला वो?" रुद्रम्मांनी विचारलं.

"गेला," बंडप्पा म्हणाला. "आपल्या खालनं गेला."

"खालनं?"

रुद्रम्मांनी चष्मा कपाळावर केला, वाकून चाकांकडं बघितलं, मागं वळून माळाकडं बघितलं. मुरमावर चाकांच्या दोन रेघा सरळ आल्या होत्या, मध्येच नाहीशा झाल्या होत्या, आणि पुढं परत सुरू झाल्या होत्या. सांजेच्या अंधुक उजेडात त्या नीट दिसत नव्हत्या, पण रुद्रम्मांना टीप कुठं सुटली ते अंधारातही कळायचं.

"म्हंजी आपण वरी हुतो," त्या म्हणाल्या.

"जरासं."

"आन् तवा बी मला भुई दिसत हुती." हे त्या बंडप्पाला सांगत नव्हत्या, स्वतःशीच हिशोब घालत होत्या. "उतरताना बी दिसत हुती. एक एक खडा."

बंडप्पानं मान हलवली. ती त्यांना मागं दिसत नव्हती, म्हणून त्यानं होय असं तोंडानंही म्हटलं.

तेवढ्यात बलभीम धापा टाकत पोचला. त्याच्यामागं जमादार, त्यांच्यामागं विष्णुपंत एक चप्पल हातात घेऊन. सगळे एकदम बोलत होते, की उडालं, आम्ही बघितलं, पोटाखालून आभाळ दिसलं. बलभीम तर विमानाला हात जोडायला निघाला होता. रुद्रम्मा बैठकीतून उतरल्या, गुडघा धरून क्षणभर उभ्या राहिल्या, पदर सोडून नीट घेतला. माळाच्या मालकिणीचा निकाल अजून व्हायचा होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या पंखापाशी गेल्या. उजव्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवून बघितला, तवा तापला का बघतात तसा. मग बंडप्पाकडं वळल्या.

"उद्या सकाळी उडा," त्या म्हणाल्या. "एकटंच. साहेबानं सांगितलंय तसं. पुढं साहेबानं एकट्याची अट काढली की मला सांगा." आणि थोडं थांबून, "आता ते बटण तर बंद करा. ब्याटरी उतरंल."